गाळलेलं एकविसावं प्रकरण

स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’चा विषय निघाला की बहुतेकांना आठवतो तो सुरुवातीचा भाग. पांढऱ्या कपड्यांतली चार पोरं, त्यांच्या म्होरक्याच्या एकाच डोळ्याला लावलेल्या खोट्या पापण्या, भुयारी रस्त्यात पडलेल्या दारुड्या म्हाताऱ्याला केलेली मारहाण. मग एका लेखकाच्या घरात घुसून त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या बायकोवर केलेला अत्याचार. तो करताना म्होरक्या अ‍ॅलेक्स हॉलिवूडच्या एका जुन्या संगीतपटातलं पावसाचं आनंदी गाणं गात असतो. १९७१ सालचा हा चित्रपट आजही कित्येक जण इथेच बंद करतात. त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण त्यांच्या नजरेतून पुढचा एक प्रसंग निसटतो, आणि माझ्या मते हिंसक पोरांचं काय करायचं या वादात आपण कुठे उभे आहोत, हे तोच प्रसंग दाखवतो.

खुनाबद्दल १४ वर्षांची शिक्षा झालेल्या अ‍ॅलेक्सवर दोन वर्षांनी एक सरकारी प्रयोग होतो. ‘लुडोविको’ नावाची उपचारपद्धती: औषध टोचून मळमळ होत असताना हिंसेची दृश्यं बघायला लावायची. पंधरवड्यात गुन्हेगार बरा होऊन बाहेर. तो बरा झाल्याचं दाखवायला एका सभागृहात कार्यक्रम ठेवतात. खुर्च्यांवर गृहमंत्री, तुरुंगाचे अधिकारी, निमंत्रित पाहुणे. मंचावर प्रकाशझोतात अ‍ॅलेक्स. एक माणूस येतो, त्याला वाट्टेल ते बोलतो, थोबाडीत मारतो, जमिनीवर पाडतो आणि बुटाचा तळ त्याच्या तोंडापुढे धरून चाटायला लावतो. हात उगारायचं नुसतं मनात आलं तरी अ‍ॅलेक्सला पोटातून उमळून येतं, म्हणून तो चाटतो. काम आटोपल्यावर तो माणूस नटासारखा वाकून प्रेक्षकांना अभिवादन करतो. टाळ्या पडतात. मग जवळजवळ विवस्त्र अशी एक तरुणी येते. तिच्याकडे हात नेता नेता अ‍ॅलेक्स कोसळतो. तीही वाकते, पुन्हा टाळ्या.

तेव्हा तुरुंगातला पाद्री उठून उभा राहतो. या मुलापुढे निवड उरलीच कुठे, असं तो विचारतो. तो वाईट वागायचा थांबला हे खरं, पण चांगलं काय नि वाईट काय हे स्वतः ठरवणारा माणूसही तो राहिला नाही. मंत्रिमहोदय अगदी शांतपणे उत्तर देतात: असल्या उच्च नीतिचर्चेशी आम्हाला कर्तव्य नाही, गुन्हे कमी व्हायला हवेत आणि तुरुंगांतली गर्दी हटायला हवी. उपाय लागू पडतो, मुद्दा संपला.

त्या सभागृहात गुंड कुणीच नाही. सगळी कपडे नीट घातलेली, शिकलीसवरलेली माणसं आहेत. पहिल्या भागातली हिंसा बघताना आपल्याला शिसारी येते, कारण ती करणाऱ्यांशी आपलं काही नातं नाही असं आपण धरून चालतो. या हिंसेला टाळ्या वाजवणाऱ्यांबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही. अ‍ॅलेक्सने जे केलंय ते पाहून झाल्यावर ‘बरं झालं, असंच पाहिजे’ हे शब्द प्रेक्षकाच्या मनात येतातच. चित्रपट त्यासाठीच रचलेला आहे.

हा चित्रपट ज्याच्या कादंबरीवर बेतलाय, त्या अँथनी बर्जेसने ही उपचारपद्धती हवेतून काढली नव्हती. त्याची कादंबरी आली १९६२ मध्ये. पन्नाशीच्या दशकात ‘टेडी बॉइज’ या पोरांच्या टोळ्यांवरून ब्रिटिश वर्तमानपत्रांनी गदारोळ केला होता, आणि कादंबरीनंतर दोनच वर्षांनी ब्राइटन, मार्गेट, क्लॅक्टनच्या समुद्रकिनाऱ्यांवर ‘मॉड्स’ आणि ‘रॉकर्स’ या टोळ्यांच्या मारामाऱ्यांनी देश हादरल्यासारखा झाला. पोरं हाताबाहेर गेली, ही ओरड तेव्हा घरोघरी होती. दुसरीकडे त्याच ब्रिटनमध्ये समलिंगी पुरुषांना ‘सरळ’ करण्यासाठी इस्पितळांत अ‍ॅपोमॉर्फिन देऊन ओकाऱ्या काढवत, विजेचे झटके देत, आणि त्याच वेळी त्यांना पुरुषांची चित्रं दाखवत. पुरुषांमधला समलिंगी संबंध इंग्लंड-वेल्समध्ये १९६७ पर्यंत गुन्हाच होता, आणि कित्येकांपुढे तुरुंग की उपचार एवढाच पर्याय ठेवला जात असे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या व्हॅकाव्हिल तुरुंगात साठच्या दशकाच्या अखेरीस कैद्यांना असं औषध टोचलं गेलं, की काही क्षण सगळे स्नायू लुळे पडून श्वासही थांबावा. आणि त्या क्षणी त्यांच्या कानाशी सांगायचं, की पुन्हा असं वागशील तर याद राख. हे करणारे लोक राक्षस नव्हते. आपण माणसं सुधारतोय यावर त्यांचा विश्वास होता.

चित्रपटातला अ‍ॅलेक्स खुर्चीला बांधलेला, पापण्या चिमट्यांनी ताणून उघड्या ठेवलेल्या, शेजारी उभा डॉक्टर डोळ्यांत थेंब टाकतोय. हे दृश्य चित्रित होताना अ‍ॅलेक्स झालेल्या माल्कम मॅकडॉवेलच्या डोळ्याच्या पारपटलावर खरोखरच ओरखडा उठला होता. पडद्यावर मारहाण, बलात्कार, मग नाझींच्या फौजा. आणि त्यामागे बीथोव्हनची नववी सिम्फनी, जी अ‍ॅलेक्सला जगात सर्वांत प्रिय. संगीताला त्यात ओढू नका, ते पाप आहे, असं तो ओरडतो. डॉक्टर क्षणभर विचारात पडतात आणि म्हणतात, हाच कदाचित शिक्षेचा भाग समजावा. त्यातून अ‍ॅलेक्स हिंसेसारखाच त्या संगीतालाही मुकतो. या बाबतीत चित्रपट अगदी नेमका आहे: भीतीने माणसातलं एकच काहीतरी नेमकं उपटून काढता येत नाही, शेजारचंही सोबत येतं.

आता चित्रपटाबद्दलची माझी तक्रार. ती दुहेरी आहे.

पहिली तक्रार नवी नाही. चित्रपट समीक्षक पॉलिन केल यांनी १९७२ मध्येच ‘न्यूयॉर्कर’मध्ये तिचा गाभा मांडला होता: कुब्रिक अ‍ॅलेक्सला देखणा, हुशार, रसिक करतो, आणि ज्यांच्यावर अत्याचार होतो त्यांना कुरूप, कोरडं, हास्यास्पद करतो. अ‍ॅलेक्स जिचा खून करतो ती मांजरं पाळणारी बाई खेकसते, लेखक नंतर वेड्यासारखे चाळे करतो. त्या लेखकाच्या बायकोला तर चित्रपट माणूस म्हणून उभंच करत नाही. तिचा लाल पोशाख आपल्या लक्षात राहतो, ती नाही. बर्जेसच्या पहिल्या पत्नीवर १९४४ मध्ये, युद्धकाळातल्या अंधाऱ्या लंडनमध्ये, सैन्यातून पळालेल्या अमेरिकी शिपायांनी हल्ला केला होता. कादंबरीतल्या त्या घटनेमागे ते दुःख आहे. चित्रपटात त्याचा मागमूस नाही. हिंसा नृत्यासारखी दिसावी हा कुब्रिकचा हेतू होता हे मान्य, पण त्याची किंमत बायकांच्या पात्रांनी मोजली, हेही मान्य करायला हवं. एका महान दिग्दर्शकाचा हा दोष आहे. त्याला ‘शैली’ म्हणून सोडून देणं मला पटत नाही.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे, आणि आपल्या सार्वजनिक वादाशी तिचा थेट संबंध आहे. बर्जेसची कादंबरी २१ प्रकरणांची आहे. प्रत्येकी सात प्रकरणांचे तीन भाग. हा आकडा त्याने ठरवून घेतला होता, कारण त्या काळात ब्रिटनमध्ये २१ व्या वर्षी माणूस कायद्याने सज्ञान होत असे. शेवटच्या प्रकरणात अ‍ॅलेक्स अठरा वर्षांचा आहे. नवी टोळी जमवली आहे, पण मारामारीत जीव रमत नाही. खिशात वर्तमानपत्रातून कापलेला एका तान्ह्या बाळाचा फोटो निघतो आणि टोळीतली पोरं त्याला हसतात. जुना सोबती पीट भेटतो, तो आता नोकरी करतोय, लग्न झालंय. अ‍ॅलेक्सच्या मनात पहिल्यांदाच येतं की आपल्यालाही घर हवं, मुलगा हवा. आणि त्यालाच लागून हेही येतं, की तो मुलगाही आपण केलं तेच करील आणि आपल्याला त्याला थांबवता येणार नाही.

अमेरिकी प्रकाशकाने हे प्रकरण गाळलं. तिथल्या वाचकांना १९८६ पर्यंत वीसच प्रकरणांची कादंबरी मिळत राहिली. कुब्रिकने चित्रपट केला तो याच आवृत्तीवरून. पूर्ण कादंबरी त्याच्या हाती पडली तेव्हा पटकथा जवळपास तयार होती, आणि ते प्रकरण आपल्याला पटलं नाही, बाकीच्या पुस्तकाशी ते जुळत नाही, असं त्याने सांगितलं. म्हणून चित्रपट संपतो तो इस्पितळात. सरकारची अब्रू जायला लागल्यावर मंत्री स्वतः अ‍ॅलेक्सला भरवतो, नोकरी देऊ करतो, फोटो निघतात. उपचार उलटवलेले आहेत. अ‍ॅलेक्सच्या डोळ्यांपुढे पुन्हा तीच वासना, आणि तो सांगतो की आपण खरोखर बरे झालो.

हा शेवट पडद्यावर जबरदस्त आहे. पण त्यात जगातले रस्ते दोनच उरतात: एक तर पोराच्या मेंदूला लगाम घाला, नाहीतर श्वापद मोकळं सोडा. तिसरी गोष्ट, म्हणजे पोरं मोठी होतात, ही शक्यताच चित्रपटातून नाहीशी झाली. आणि ही शक्यता काही कादंबरीकाराचं भाबडं स्वप्न नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा अभ्यास दशकानुदशकं चालू आहे. त्यावर काम करणाऱ्या टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडलं, की किशोरवयात गुन्ह्याकडे वळणारी बहुसंख्य मुलं विशीत पोचता पोचता त्यातून बाहेर पडतात; आयुष्यभर हिंसा करत राहणारे फार थोडे असतात आणि त्यांची लक्षणं बहुधा लहानपणापासून दिसतात. गुन्ह्यांचं प्रमाण पौगंडावस्थेत चढतं आणि पुढे उतरतं, हे तर देशोदेशीच्या आकडेवारीत दिसतं.

ते प्रकरण पातळ आहे, घाईत उरकल्यासारखं आहे, हा कुब्रिकचा आक्षेप मी खोडणार नाही. त्याहून बोचणारी गोष्ट म्हणजे अ‍ॅलेक्सला पश्चात्तापच होत नाही. ज्यांचं आयुष्य त्याने उद्ध्वस्त केलं त्यांच्यासाठी त्याच्याकडे एक ओळही नाही. त्याला फक्त कंटाळा आलाय. पण मला वाटतं बर्जेसचा प्रामाणिकपणा इथेच आहे. आपल्याला गुन्हेगार पोरगा रडताना, पाया पडताना बघायचा असतो. प्रत्यक्षात बरीच पोरं अशीच बाहेर पडतात: कामाला लागतात, कुणाच्या तरी प्रेमात पडतात, जुन्या संगतीचा वीट येतो. पश्चात्ताप आला तर फार उशिरा येतो. तो आधी मागून, तो दिसला नाही म्हणून पोराला कायमचं बाद ठरवणं, ही आपली गरज आहे. समाजाची सुरक्षितता तेवढ्याने वाढत नाही.

घाबरवण्याचा मार्ग तर कुणी आजमावला नाही असंही नाही. १९७९ नंतर ब्रिटनमध्ये मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने किशोर गुन्हेगारांसाठी ‘छोटा, कडक झटका’ ही योजना आणली. लष्करी कवायत, पहाटेपासून आरडाओरड, सगळी कामं पळत. पक्षाच्या अधिवेशनात या घोषणेला टाळ्या मिळाल्या. १९८४ मध्ये गृहखात्यानेच केलेल्या पाहणीत निघालं, की या केंद्रांतून सुटलेल्या पोरांच्या पुन्हा गुन्हा करण्यात काही फरक पडलेला नव्हता. अमेरिकेत न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात जन्मठेपेचे कैदी किशोरांसमोर उभे राहून त्यांना शिव्या देत, धमकावत. १९७८ सालच्या माहितीपटामुळे हा कार्यक्रम देशभर पसरला. पुढे अशा कार्यक्रमांच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा दिसलं, की अशी ‘दहशत’ घेतलेली मुलं न घेतलेल्या मुलांपेक्षा जास्त गुन्हे करतात. मंत्र्याचं ते वाक्य, उपाय लागू पडतो हे, प्रत्यक्षात खोटं ठरलं. कादंबरी आणि चित्रपट दोन्ही ते वादापुरतं खरं धरून चालतात, आणि तरीही ते चूक आहे असं म्हणतात. आपल्याला तर एवढीही अडचण नाही.

चित्रपटामुळेच पोरं बिघडली, हा आरोपही झाला. १९७३ मध्ये ब्लेचली गावात एका सोळा वर्षांच्या मुलाने एका बेघर वृद्धाला मारून टाकलं, आणि न्यायालयात बचावाच्या वकिलांनी ‘क्लॉकवर्क ऑरेंज’कडे बोट दाखवलं. त्या मुलाने चित्रपट पाहिला नव्हता. मित्रांकडून ऐकला होता. वर्तमानपत्रं पेटली, काही नगरपालिकांनी प्रदर्शनं रोखली, कुब्रिकच्या कुटुंबाला धमक्या येऊ लागल्या. त्याच्याच विनंतीवरून वॉर्नर ब्रदर्सने ब्रिटनमधून चित्रपट मागे घेतला. कुब्रिक १९९९ मध्ये गेला, आणि २००० सालीच तो तिथल्या पडद्यावर परत आला. मधल्या काळात लंडनच्या स्काला चित्रपटगृहाने तो परवानगीविना दाखवला, खटला हरलं आणि १९९३ मध्ये बंद पडलं. एवढी सगळी वर्षं चित्रपट कुणाला दिसत नव्हता. ब्रिटनमधली पोरांची हिंसा त्यामुळे थांबली असं म्हणायला कुणी धजावणार नाही.

चित्रपटाला दोष देण्यात सोय असते. मग अ‍ॅलेक्सच्या घराकडे बघावं लागत नाही. लंडनमधल्या टेम्समीडच्या काँक्रीटच्या नव्याकोऱ्या वसाहतीत ते घर आहे. खालच्या प्रवेशद्वारात कचरा साचलेला, भिंतीवरच्या चित्राची विटंबना केलेली. पोरगा रात्री कुठे जातो हे आईबापांना ठाऊक नाही आणि विचारायची हिंमतही नाही. त्याच्यावर लक्ष ठेवायला नेमलेला अधिकारी डेल्टॉइड सकाळी घरी येतो तेव्हा आईबाप कामावर गेलेले असतात. पलंगावर बसून तो पोराला जवळ ओढतो, नको तिथे हात घालतो, आणि वर विचारतो: चांगलं घर आहे, प्रेमळ आईबाप आहेत, मग तुम्हा पोरांच्या अंगात शिरतं तरी काय? पुढे अ‍ॅलेक्स खुनात पकडला गेल्यावर हाच माणूस त्याच्या तोंडावर थुंकतो. एका किशोराच्या आयुष्यात राज्यसंस्थेने पाठवलेला एकमेव प्रौढ माणूस हा असा आहे. लुडोविकोची चर्चा जगभर झाली, डेल्टॉइडची फारशी झाली नाही.

आपल्याकडे हा विषय दूरचा नाही. पुण्यात रात्री गाड्या फोडणारी, कोयते नाचवणारी पोरं पकडली जातात, आणि त्यांतल्या सज्ञानांची पोलीस त्याच गल्लीतून धिंड काढतात. कुणी लंगडतोय, कुणी हात जोडतोय, दोन्ही बाजूंना मोबाइल धरलेली माणसं. ते व्हिडिओ तासाभरात घराघरांत पोचतात आणि खाली लोक आनंद व्यक्त करतात. ज्यांच्या गाडीच्या काचा फुटल्या, ज्यांच्या दारात कोयते नाचले, त्यांचा राग मला समजतो, आणि तो खरा आहे. पण धिंड ही शिक्षा कोणत्याही न्यायालयाने दिलेली नसते. आणि त्या गल्लीत उभी असलेली बारा-चौदा वर्षांची पोरंही ती बघत असतात. त्यांच्यापैकी कुणासाठी ती धाक असेल; कुणासाठी ती ‘भाई’ होण्याची पहिली पायरी असेल.

२०१२ च्या दिल्लीच्या अत्याचारातल्या एका आरोपीला अठरा पूर्ण व्हायला काही महिने कमी होते, म्हणून त्याला तीन वर्षांपुरतं सुधारगृहात ठेवता आलं. त्या संतापातून २०१५ चा बालन्याय कायदा आला: सोळा ते अठरा वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला तर प्राथमिक मूल्यांकन करून त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवता येतो. २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीखाली दोन तरुण जीव गेले आणि सतरा वर्षांच्या चालकाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन मिळाला, तेव्हा हेच कलम घराघरांत चर्चिलं गेलं. त्या जामिनाबद्दलची चीड रास्त होती. पैसेवाल्याच्या पोराला सवलत आणि वस्तीतल्या पोराची धिंड, हे एका शहरात शेजारी शेजारी दिसत असेल तर लोकांचा विश्वास उडणारच.

पण त्याच कायद्यात पुढे आणखी काही लिहिलंय, आणि त्यावर कुठे बोललं जात नाही. प्रौढासारखा खटला चालून दोषी ठरलेल्या मुलालाही २१ वर्षांचा होईपर्यंत तुरुंगात टाकायचं नाही, त्याला सुरक्षित स्थळी ठेवायचं. तिथे शिक्षण, कामाचं कौशल्य, समुपदेशन द्यायचं. परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकारी किंवा जिल्हा बालसंरक्षण कक्षाने त्याच्या प्रगतीचा दरवर्षी अहवाल करायचा. आणि तो २१ चा झाला की बालन्यायालयाने बसून बघायचं: हा बदललाय का, समाजात काही करू शकेल का? उत्तर ‘हो’ आलं तर देखरेखीखाली सोडायचं, ‘नाही’ आलं तरच उरलेली शिक्षा तुरुंगात.

बर्जेसचं गाळलेलं प्रकरण आपल्या संसदेने कायद्यात घातलेलं आहे, योगायोगाने वयाच्या त्याच आकड्यासकट. ते अंमलात येणार की नाही हे त्या वार्षिक अहवालांवर अवलंबून आहे. मूल्यांकनाच्या दिवशी न्यायाधीशापुढे पाच ओळींचा छापील मजकूर असेल, की त्या पोराला नावाने ओळखणाऱ्या, त्याच्या आईला भेटलेल्या, तो कुठलं काम शिकला नि कुठे पुन्हा घसरला हे सांगू शकणाऱ्या माणसाचं टिपण असेल? धिंडीचा व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्यांनी आपल्या आमदाराला एवढंच विचारावं: आपल्या जिल्ह्यात परिवीक्षा अधिकाऱ्यांची किती पदं भरलेली आहेत, आणि एकेका अधिकाऱ्याकडे किती मुलं आहेत?